गळती आणि बोल: सह्याद्रीच्या पाण्यातला गंधव्यवहार

जुन्नरच्या पश्चिम अंगाला, नाणेघाट आणि आंबे-हातवीजच्या बाजूला, पाऊस लागला की खेकड्यांना जाणाऱ्या पोरांच्या हातात दोनच वस्तू असतात: बॅटरी आणि काठी. काठीला दोरी, दोरीला गांडुळांची ओवलेली माळ, नाहीतर कोंबडीचं आतडं. ओढ्याकाठच्या बिळाच्या तोंडाशी ती माळ पाण्यात धरायची आणि गप्प बसायचं. पाणी गढूळ, रात्र काळोखी, बीळ हातभर खोल आणि वाकडं. आतल्या खेकड्याला माळ दिसण्याची काही सोय नाही. तरी थोड्या वेळाने नांगी बाहेर येते. जाणता पोरगा माळ बिळाच्या वरच्या अंगाला धरतो, पाणी जिकडून येतं तिकडे. खालच्या अंगाला धरणारा ताटकळत बसतो.

यावरून ‘खेकड्याला वास येतो’ एवढं कळतं, आणि ते कोणालाही मान्य होईल. खरे प्रश्न त्यापुढचे आहेत. वास कोणी सोडला, मुद्दाम सोडला की नाइलाजाने, आणि घेणाऱ्याने त्याचं काय केलं? जलचरांच्या ‘रासायनिक भाषे’विषयी लिहिताना हे तीन प्रश्न सहसा एकात एक कालवले जातात. गांडूळ खेकड्याशी बोलत नसतं. त्याच्या ठेचलेल्या अंगातून अमिनो आम्लं पाझरतात आणि खेकड्याला ती समजतात, इतकंच. याला मी इथे गळती म्हणणार आहे. सोडणाऱ्याच्या ताब्यात असलेलं, समोरच्याच्या वागण्यावर परिणाम व्हावा म्हणूनच घडत आलेलं जे सोडणं, त्याला बोल. आणि या लेखाचा दावा असा की पाण्यातला जवळजवळ प्रत्येक बोल मुळात गळती होता. ऐकणारा आधी झाला, बोलणारा मागाहून.

हा दावा वाटतो तितका साधा नाही, कारण या शास्त्राचा साचा हवेत घडला. ‘फेरोमोन’ हा शब्द १९५९ साली पीटर कार्लसन आणि मार्टिन ल्यूशर यांनी रूढ केला. त्याच वर्षी आडोल्फ बुटेनांट यांनी रेशमाच्या पतंगाच्या सुमारे पाच लाख माद्यांच्या ग्रंथींतून बाँबिकॉल हा रेणू वेगळा काढला. तेव्हापासून डोक्यात चित्र पक्कं झालं: एक खास ग्रंथी, तिचा एक खास रेणू आणि तो हुंगून धावत येणारा नर. पाण्यात हे चित्र शोधायला गेलेल्यांची बरीच वर्षं वाया गेली. पाण्यातला प्राणी चारी बाजूंनी पाण्याला उघडा असतो. त्याचं मूत्र, पित्त, जखमेतला स्राव, संप्रेरकांचे उरलेसुरले तुकडे, सगळं शेजाऱ्याच्या दारात जातं. वेगळी ग्रंथी काढायची त्याला गरजच काय?

पाण्याचा हिशेब

आधी थोडं गणित. लहान रेणूला संथ पाण्यात, निव्वळ विसरणाच्या जोरावर, एक सेंटीमीटर जायला सुमारे चौदा तास लागतात. अंतर दसपट झालं की वेळ शंभरपट होतो; म्हणजे एका मीटरला पंधरा-सोळा वर्षं. हवेत हेच काम साधारण दहा हजारपट वेगाने होतं. तेव्हा पाण्यात वास ‘पसरतो’ हे बोलणं ढोबळ आहे. पाण्यात वास वाहून नेला जातो, आणि जिथे पाणी हलत नाही तिथे तो जवळपास जागच्या जागी राहतो.

म्हणून जुन्नर-आंबेगावातलं प्रत्येक पाणी वेगळ्या तऱ्हेने बोलतं. घाटमाथ्याच्या ओढ्याला दिशा असते. वरच्याचं खालच्याला कळतं, खालच्याचं वरच्याला नाही. भातखाचरात पाणी बांधाआड थांबतं, उथळ असतं, आणि एका खाचराची खबर बांध फुटेपर्यंत शेजारच्या खाचरात जात नाही. धरणात पाण्याचे थर असतात. वरचं उन्हाने तापलेलं, खालचं गार, आणि दोन्ही सहजी मिसळत नाहीत. कुकडी, मीना, पुष्पावती, घोड या नद्यांवर आज माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे अशी धरणांची रांग आहे. पन्नास-साठ वर्षांत या दोन तालुक्यांतलं बरंचसं वाहतं पाणी थांबतं झालं. सिंचनाच्या अंगाने त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. गंधाच्या अंगानेही तो फेरबदलच आहे.

वाहतं पाणी नसेल तर खेकडा ते स्वतः तयार करतो. त्याच्या कल्ल्यांच्या पोकळीत पानासारखा एक चपटा अवयव सतत वल्ह्यासारखा चालतो. पायांच्या बुडाशी असलेल्या फटींतून पाणी आत ओढलं जातं आणि तोंडाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर पडतं. मूत्राची छिद्रं शृंगिकांच्या मुळाशी, म्हणजे या झोताच्या अगदी शेजारी. हा शेजार योगायोगाचा असो वा नसो, त्याचा परिणाम ठरलेला आहे: मूत्र सोडलं की ते उच्छ्वासाबरोबर समोरच्याच्या तोंडावर जातं.

घेण्याचं काम लघुशृंगिकांचं. खेकड्याच्या डोळ्यांच्या मधोमध दोन बारीक, दुमडलेले तंतू सारखे झटके देत असतात. ती थरथर नाही, ते हुंगणं आहे. काटेरी शेवंडावर काम करताना मिमी कोएल आणि सहकाऱ्यांनी २००१ साली दाखवलं की खाली जाणारा झटका वेगवान असतो आणि त्यात गंधग्राही केसांच्या दाट झुपक्यात नवं पाणी शिरतं. परतीचा झटका संथ असतो आणि त्यात ते पाणी केसांत अडकून राहतं. प्रत्येक झटका म्हणजे पाण्याचा एक ताजा नमुना. हे झटके बंद, तर नाक बंद. यापलीकडे खेकड्याच्या पायांच्या टोकांवर आणि नांग्यांवर चवीचे केस असतात ते वेगळेच. ताटात पाय ठेवताच पदार्थ कळावा अशी ती सोय.

डेक्कनचा खेकडा

या भागातल्या खेकड्याची शास्त्रातली ओळख जुनी आहे. १८२४ ते १८३१ या काळात मुंबई सरकारचे सांख्यिकी प्रतिवेदक म्हणून दख्खन पालथं घालणारे विल्यम हेन्री साइक्स यांनी पक्षी, मासे, पिकं यांच्याबरोबर खेकड्यांचीही नोंद केली. त्यांचं डेक्कनच्या भू-खेकड्यांवरचं टिपण १८३६ साली लंडनच्या कीटकशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात आलं आणि त्यातच जे. ओ. वेस्टवुड यांनी या जातीचं वर्णन केलं. थेल्फ्यूसा क्युनिक्युलॅरिस हे तेव्हाचं नाव. आज बॅरिटेल्फ्यूसा क्युनिक्युलॅरिस. लॅटिनमध्ये क्युनिक्युलस म्हणजे ससा, आणि सशाचं बीळही. नाव देणाऱ्याने प्राण्यापेक्षा त्याच्या घराकडे पाहिलं, आणि बरोबरच पाहिलं. साइक्स यांच्या आधी, १८२५ साली, पुण्याकडे येताना बिशप हेबर यांनीही हे खेकडे टिपले होते: नांगीने गवत कापून, पेंढी घेऊन तिरकस चालीने बिळाकडे निघालेले.

घाटमाथ्यावर याच कुळातल्या आणखी जाती आहेत. काही शेंदरी, काही जांभळ्या, कातळाच्या भेगांत आणि झाडांच्या ढोलींत राहणाऱ्या. आकुर्डीच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण केंद्रातले समीरकुमार पाती आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ साली त्यांतल्या काहींसाठी घाटियाना ही प्रजाती मांडली. प्राण्याला ‘घाटा’चं नाव मिळावं हे मला फार आवडलं. ज्या प्रश्नाशी आपल्याला कर्तव्य आहे, त्यात मात्र हे सगळे एक आहेत: यांतला एकही आयुष्यात समुद्राकडे जात नाही. मादी अंडी पोटाखालच्या पदरात सांभाळते, अंड्यांतून अळ्या नव्हे तर मुगाएवढे पुरते खेकडेच बाहेर पडतात, आणि तेही काही दिवस आईच्या पदराखालीच राहतात. समुद्री खेकड्याची मादी लाखो अळ्या सोडून मोकळी होते. इथे हिशेब शेकड्यांचा. लेकरं कमी, म्हणून माया जास्त, आणि म्हणून ओळखीचा प्रश्नही. भुकेलेल्या मादीने आपल्याच पिल्लांना खाऊ नये यासाठी कोणीतरी कोणालातरी ओळखायला हवं.

कोण कोणाला ओळखतं? क्रेफिशमध्ये याचं एक उत्तर १९७५ साली नेचरमध्ये आलं: पिल्लं धरून असलेल्या मादीच्या पाण्याकडे पिल्लं ओढली जातात. म्हणजे आईच्या अंगचं काहीतरी पाण्यात उतरतं आणि पिल्लू त्या वाटेने परत येतं. क्रेफिश भारतात निसर्गतः नाही. पण पदराखाली लेकरं बाळगण्याची रीत दोघांचीही एकच. पोरं खेकडे धरताना पिल्लांची मादी सापडली की ती पाण्यात परत टाकतात, निदान टाकायची रीत आहे. तिच्या पदरातून सांडलेली पिल्लं ओढ्याच्या धारेत तिला पुन्हा गाठू शकतील का, हे पाणी किती वेगाने वाहतं आणि ती पिल्लांच्या वरच्या अंगाला पडली की खालच्या, यावर ठरणार. वासाची वाट धारेच्या उलटी चालत नाही.

मूत्राने केलेलं भांडण

कवचधारी प्राण्यांच्या नर-मादी व्यवहाराचा पहिला प्रयोगसिद्ध पुरावा एका अशा खेकड्यावर मिळाला जो कोकणच्या प्रत्येक मासळीबाजारात दिसतो: पाठीवर तीन तांबडे ठिपके असलेला पोर्ट्युनस सँग्विनोलेंटस. एडवर्ड रायन यांनी १९६६ साली दाखवलं की कात टाकायला आलेल्या मादीच्या टाकीतलं नुसतं पाणी नराच्या टाकीत ओतलं तरी नर मादीला शोधू लागतो. आणि मादीची मूत्रछिद्रं बंद केली की त्या पाण्यात काही उरत नाही.

ते ‘काहीतरी’ नेमकं काय, हे कळायला पंचेचाळीस वर्षं गेली. युरोपच्या किनाऱ्यावरच्या कार्सिनस मीनस या खेकड्यात योर्ग हार्डेगे यांच्या गटाने २०११ साली मादीच्या मूत्रातला तो रेणू ओळखला: युरिडिन डायफॉस्फेट. इथे थांबून पाहण्यासारखं आहे. कवच कायटिनचं असतं, आणि कायटिन विणताना पेशी साखरेचा एकेक घटक ज्या वाहकावरून उतरवून घेते, त्याचा उरलेला भाग म्हणजे युरिडिन डायफॉस्फेट. नवं कवच तयार होत असताना हा कचरा साठतो आणि मूत्रातून जातो. म्हणजे मादी ‘मी तयार आहे’ असं सांगत नाही. तिच्या अंगातल्या कारखान्याची राख बाहेर पडते, आणि नर त्या राखेवरून भट्टी पेटल्याचं ओळखतो. गळती याहून स्पष्ट कुठे दिसणार?

आता दुसरी बाजू. क्रेफिशच्या रक्तात चमकणारा रंग टोचून, त्याचे डोळे झाकून, टॉमस ब्राइटहाउप्ट आणि पेट्रा एगर यांनी २००२ साली दोन नरांचं भांडण पडद्यावर आणलं. मूत्राचे हिरवट-पिवळे ढग केव्हा सुटतात हे त्यात दिसलं. ते एकसारखे सुटत नव्हते. आक्रमक हालचाल करताना सुटत होते, आणि अशा ढगासह केलेल्या हल्ल्यानंतर समोरचा माघार घेण्याची शक्यता वाढत होती. अमेरिकन लॉबस्टरमध्ये येल आटेमा यांच्या प्रयोगशाळेने आणखी पुढचं दाखवलं. काल हरलेला लॉबस्टर आज त्याच विजेत्यासमोर आला तर भांडत नाही, मागे सरकतो. अनोळखी विजेता समोर आला तर मात्र भांडतो. ही आठवण आठवडा-दोन आठवडे टिकते. मूत्र अडवलं किंवा लघुशृंगिकांवरचे गंधग्राही केस काढले की ओळख पुसते आणि दोघे पुन्हा मारामारीवर उतरतात. याच लॉबस्टरची मादी वरचढ नराच्या बिळाशी येऊन दिवसेंदिवस आत मूत्र सोडते, मग आत शिरते, तिथेच कात टाकते. इथे छिद्रं उघडणं-मिटणं सोडणाऱ्याच्या हातात आहे, वेळ साधलेली आहे, श्रोता ठरलेला आहे. हा बोल.

ही लॉबस्टरची कथा उचलून डेक्कनच्या खेकड्यावर बसवण्याचा मोह सगळ्यांना होतो. मला तो धोक्याचा वाटतो, आणि कारण खेकड्याच्या मूत्रपिंडात आहे. गोड्या पाण्यात राहणाऱ्या प्राण्याच्या अंगात पाणी सारखं शिरतं आणि मीठ सारखं निसटतं. क्रेफिशचं मूत्रपिंड मीठ परत शोषून भरपूर, पातळ मूत्र टाकू शकतं. त्याला बोलायला शाई मुबलक. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांना मूत्र पातळ करता येत नाही. त्यांचं मूत्र रक्ताइतकंच खारट असतं. म्हणून त्यांनी दुसरा उपाय केला: अंग जवळपास जलाभेद्य करून टाकलं आणि मूत्रच अगदी थोडं ठेवलं. मूत्राच्या प्रत्येक थेंबाबरोबर सह्याद्रीच्या बिनमिठाच्या पाण्यात महामोलाचं मीठ जातं. तेव्हा इथला खेकडा मूत्राने भांडत असेल तर तो फार महागडं भांडतो, आणि बोल महाग असला की खोटं बोलणंही महाग पडतं. दुसरी शक्यता अशी की त्याचा बराचसा व्यवहार स्पर्शाने, कवचावरच्या पातळ थरातून, पायाच्या टोकांवरच्या चवीने चालत असावा. पावसाळी रात्री बांधावर फिरणाऱ्या या अर्ध्या भूचराला ते जास्त शोभतं. पहिली शक्यता मला रंजक वाटते, दुसरी जास्त संभवनीय.

मिलनाबाबतही तीच सावधगिरी. कात टाकतानाच्या मादीशीच मिलन हा सगळ्या खेकड्यांचा नियम नाही. कडक कवचाच्या मादीशी मिलन करणाऱ्याही जाती आहेत, आणि तिथे कायटिनच्या राखेचा उपयोग नाही. औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठात आर. नागभूषणम आणि ए. डी. दिवाण यांनी बॅरिटेल्फ्यूसा क्युनिक्युलॅरिसच्या प्रजननचक्राचा अभ्यास १९७४ साली प्रसिद्ध केला होता. या प्राण्याचं वेळापत्रक समजून घ्यायचं तर सुरुवात तिथून करावी, युरोपच्या किनाऱ्यावरून नव्हे.

बिळाबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. बीळ ही थांबलेल्या पाण्याची खोली आहे. वरच्या हिशेबाने पाहिलं तर तिथे धन्याचा वास साचून राहणार आणि तोंडाशी आलेल्या पाहुण्याला घर रिकामं की भरलेलं हे आत न शिरता कळणार. खेकड्यांची बिळं मात्र आपल्याकडे वेगळ्याच कारणाने गाजली. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण फुटलं, माणसं वाहून गेली, आणि तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी दोष खेकड्यांवर टाकला. खाचराचा बांध खेकड्याने पोखरतो हे कोणीही शेतकरी सांगेल. धरण आणि बांध यांत फरक असतो, हेही तोच सांगेल.

एकाच गळतीचे दोन अर्थ

जखमी प्राण्याच्या अंगातून जे पाझरतं ते सगळ्यांत उघड गळतीचं उदाहरण. कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ साली पाहिलं की त्वचा फाटलेला एक छोटा मासा सोडताच त्याचे सोबती दचकून पांगतात. त्वचेतल्या विशिष्ट पेशी फुटल्या की द्रव्य सुटतं. त्याला त्यांनी भयद्रव्य म्हटलं. ही दचक कटला, रोहू, मृगळ, डोंगरी ओढ्यातले छोटे खवल्याचे मासे आणि शिंगटा यांच्या मोठ्या गटात आढळते, म्हणजे सह्याद्रीतल्या बहुतेक गोड्या पाण्याच्या माशांत. मरळ आणि चिलापी त्या गटातले नव्हेत. जाळ्यात पहिले मासे खरचटले की उरलेले पांगतात, हा अनुभव मासेमाराला त्या शब्दाशिवायही असतो. पण फाटलेल्या माशाला इशारा देऊन मिळालं काय? तो तर मेला. म्हणून मी याला बोल म्हणत नाही. ऐकणाऱ्यांना फायदा झाला, ऐकणारे वाढले.

शंखातल्या खेकड्यांत याच गळतीचा अर्थ उलटा होतो. किनाऱ्यावरच्या भूचर शंख-खेकड्यांना आपल्याच जातभाईच्या फाटलेल्या मांसाचा वास आला की ते पळत नाहीत, जमतात. एक जण मेला म्हणजे एक शंख रिकामा झाला. रसायन जवळपास तेच, घर मिळण्याची आशा वेगळी. अर्थ रेणूत नसतो, घेणाऱ्याच्या गरजेत असतो.

खाचरातल्या बेडकांच्या पिल्लांवर आपल्याच शेजारी उत्तम काम झालं आहे. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात एस. के. सैदापूर आणि एस. गिरीश यांनी २००० साली दाखवलं की सामान्य भेकाची पिल्लं सख्ख्या भावंडांना ओळखून त्यांच्या जवळ राहतात; आणि ही ओळख मुख्यतः वासाची. पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात २०१७ साली आणखी धाडसी प्रश्न तपासला गेला: मज्जासंस्था तयार होण्याआधीच बेडकाच्या भ्रूणाला शिकाऱ्याचा वास शिकता येतो का. प्रश्नच असा आहे की ‘नाक’ या शब्दाची व्याख्या पुन्हा करावी लागते.

धरणाच्या थरांत

आंबेगाव तालुक्याचं मूळ आंबेगाव डिंभ्याच्या पाण्याखाली आहे. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. आहुप्याकडून येणारी घोड इथे अडली आणि हुतात्मा बाबू गेनू सागर झाला. वाहत्या ओढ्याचा व्यवहार जिथे संपतो तिथे थरांचा व्यवहार सुरू होतो, आणि त्याचा नायक माणसाच्या नजरेतही न भरणारा आहे: डॅफ्निया, जलपिसू, मोहरीहून लहान कवचधारी. दिवसा ती खाली अंधाऱ्या थरात जाते, रात्री वर चरायला येते, कारण दिवसा वर थांबली तर मासे तिला टिपतात. पण मासे आहेत हे तिला कसं कळतं? २०१९ साली एरिक फॉन एलर्ट यांच्या गटाने उत्तर दिलं: सायप्रिनॉल सल्फेट, कार्प कुळातल्या माशांच्या पित्तातला एक घटक. चरबी पचवायला माशाला पित्त लागतंच, त्यातलं थोडं पाण्यात जातंच, आणि त्याच्या अत्यल्प अंशावरून जलपिसू आपला दिनक्रम बदलते. मासा ही गळती बंद करू शकत नाही. करायची तर उपाशी राहावं लागेल. डॅफ्नियाची एक उष्णकटिबंधी जात, लुम्होल्त्झी, माशांचा वास आला की डोक्यावर टोकदार शिरस्त्राण आणि लांब शेपटी-काटा वाढवते. वासाने वागणं बदलतं हे समजतं. वासाने अंगाची घडण बदलावी हे पचायला वेळ लागतो.

गळतीचा बोल होताना पाहायचा तर गोल्डफिश आणि चिलापी शेजारी ठेवावेत. गोल्डफिशची मादी अंडी सोडण्याच्या बेतात असते तेव्हा तिच्या अंगातली संप्रेरकं आणि प्रोस्टाग्लँडिनं कल्ल्यांतून, मूत्रातून बाहेर येतात. नॉर्मन स्टेसी आणि पीटर सोरेनसन यांनी दाखवलं की नरांचं नाक नेमकं त्यांनाच तीव्र प्रतिसाद देतं. मादीने वेगळं काही केलेलं नाही. चिलापीचा नर मात्र करतो. मोझांबिक तिलापिया, म्हणजे हा चिलापी, भारतात १९५२ साली आणला गेला, आणि घोडचं पाणी भीमेतून जिथे जातं त्या उजनीत चिलापी हेच आता बाजाराचं नाणं आहे. उथळ काठावर नर तळाला खळगा करतो, त्याचं रक्षण करतो आणि भांडताना मूत्र सोडतो. वरचढ नर मूत्र साठवून ठेवतो आणि छोट्या, वारंवार पिचकाऱ्यांनी सोडतो. हरणारा सोडणं थांबवतो. २०१४ साली त्याच्या मूत्रातले स्टेरॉइड ओळखले गेले, आणि त्यांच्यामुळे मादीच्या अंगातली अंडी पक्व होण्याची संप्रेरकं वाढतात हेही दिसलं. त्या मूत्राशयात आता मूत्रापेक्षा निरोप जास्त आहे. कचऱ्याची पिशवी दौत झाली.

बंद पडणारं नाक

नारायणगावच्या पट्ट्यातल्या द्राक्षबागांत पावसाळ्यात केवडा रोगावर बोर्डो मिश्रण मारतात: मोरचूद आणि चुना. मोरचूद म्हणजे तांब्याचं सल्फेट. कोहो सॅमनच्या पिल्लांवरच्या २००३ च्या प्रयोगांत, एका लिटरमागे तांब्याचे काही मायक्रोग्रॅम वाढले तरी नाकाचा प्रतिसाद काही मिनिटांत घसरला. मासा मरत नाही, पोहतो, खातो. फक्त शिकाऱ्याचा वास त्याच्यापर्यंत पोचत नाही. विषाची आपली कसोटी ‘किती मेले’ ही असते, आणि या कसोटीत असं पाणी पास होतं. घाटमाथ्याचे ओढे बागांच्या वरच्या अंगाला असल्याने आहुपे-हातवीजचा खेकडा यातून सुटतो. जे काही व्हायचं ते खाली, बागांच्या चरांना लागून असलेल्या पाण्यात. सोडणारा पूर्वीसारखाच सोडत राहतो. बिघाड घेणाऱ्याच्या बाजूला होतो, म्हणून तो बाहेरून दिसतही नाही.

डेक्कनचा खेकडा मूत्राने बोलतो की स्पर्शाने, हे तपासायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. जुन्नर किंवा घोडेगावच्या एखाद्या महाविद्यालयात, भीमाशंकर अभयारण्याच्या हद्दीबाहेरच्या ओढ्यातून आणलेले एकाच मापाचे नर, काचेच्या दोन टाक्या, लाल दिवा आणि फ्लुरोसीन हा चमकणारा रंग एवढ्यावर होईल. एका दिवशी भांडण लावायचं, दुसऱ्या दिवशी तीच जोडी आणि अनोळखी जोडी यांची तुलना करायची. मग विजेत्याची मूत्रछिद्रं बंद करून पुन्हा. मग छिद्रं उघडी ठेवून दोघांमध्ये पाणी जाऊ देणारी पण पाय लागू न देणारी जाळी घालून पुन्हा. पहिल्या बदलाने ओळख पुसली तर मूत्र, दुसऱ्याने पुसली तर स्पर्श. टाकीतलं पाणी प्रत्येक वेळी नवं घ्यावं, आणि नळाचं घेऊ नये. क्लोरिनने त्यांच्या लघुशृंगिकांचं काय होईल ते वेगळं तपासावं लागेल. पिल्लांची मादी हाती लागली तर ती त्याच ओढ्यात, जिथून उचलली तिथेच, परत ठेवावी.